भुताला नव्हे, मालकाला ओळखा

भयपट म्हटला की पडकी हवेली, पांढरी साडी आणि करकरणारे दार एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. म्हणून चळवळीतला माणूस तिकडे फिरकत नाही. यात तोटा आपलाच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या कृष्णवर्णीय समाजाचे सिनेमे मात्र आपल्याकडे फारसे पोहोचले नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, थोड्या पैशांत बनलेले असे तीन चित्रपट वाचकांनी अवश्य पाहावेत.

पहिला, जॉर्ज रोमेरो यांचा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८). मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात. एका शेतघरात अडकलेल्या गोऱ्या लोकांना वाचवण्यासाठी बेन हा काळा तरुण रात्रभर झुंजतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली. चित्रपट ऑक्टोबरमध्ये लागला. तो शेवट कुणी समजावून सांगण्याची गरज होती काय?

चित्रपटाचे नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराईटची ओळ गळाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे हक्कच संपला. निर्मात्यांचे नुकसान झाले, पण चित्रपट कुणाच्या तिजोरीत अडकला नाही, सर्वदूर गेला.

दुसरा, बिल गन यांचा 'गांजा अँड हेस' (१९७३). बेन साकारणारे ड्युएन जोन्स येथेही नायक आहेत. निर्मात्यांना रक्तपिपासू पिशाच्चाचा गल्लाभरू सिनेमा हवा होता. गन या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने रक्ताच्या तहानेतून व्यसन, श्रद्धा आणि अपराधभाव यांची कहाणी मांडली. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला. तरीही मालकांनी त्याची मोडतोड करून तो दुसऱ्याच नावाने विकला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एक प्रत राहिली, म्हणून मूळ कलाकृती वाचली.

तिसरा, चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. यात भूत नाही. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतला स्टॅन कत्तलखान्यात राबतो. त्याची झोप उडाली आहे. बर्नेट यांनी सत्तरच्या दशकात विद्यार्थी असताना तो बनवला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याला मानाचे स्थान मिळाले, पण चित्रपटगृहात रीतसर लागायला २००७ साल उजाडले!

अशा चित्रपटांना 'दुर्लक्षित' म्हणतात. दुर्लक्ष आपोआप होत नसते. कागदावर मालक कोण, यावर कलाकृती जगणार की गाडली जाणार हे ठरते. आज आपली मुले मोबाईलवर लघुपट बनवत आहेत. त्यांना वकील म्हणून माझे सांगणे आहे: करार वाचल्याशिवाय सही करू नका, गाणे वापरण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या आणि मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा.

सुरुवात रोमेरोपासून करा. एकट्याने नको, घरातल्या, वस्तीतल्या तरुणांना सोबत घेऊन बसा. बेनला गोळी का लागली, या एका प्रश्नावर रात्रभर चर्चा होऊ शकते.