बावखलाचे हिस्सेदार

अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या किनारपट्टीत, केळीच्या बागा आणि पानवेलींचे मांडव यांच्या आड, गोड्या पाण्याची जी मानवनिर्मित तळी आढळतात, त्यांना तेथील लोक बावखले म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही भोवतालच्या विहिरी गोड राहत, याचे बरेचसे श्रेय पावसाचे पाणी साठवून भूमीत मुरविणाऱ्या या बावखलांचे आहे.

बावखल सहसा एकट्याचे नसे. अनेक कुटुंबांची त्यावर सामाईक वहिवाट असे. काठावरच्या रहाटाने वाड्या शिंपल्या जात, आणि उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की हिस्सेदार मिळून गाळ उपसत, जो वाडीत पसरला की उत्तम खत होई. मला या व्यवस्थेचे खरे मर्म येथे दिसते: ज्या श्रमाने सर्वांचे पाणी टिके, त्याच श्रमाने ज्याच्या त्याच्या केळीच्या बुंध्याशी खत पडे, म्हणून उपसणीसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नसे. सामाईक संपत्तीचा स्वार्थापायी नाश अटळ आहे, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केले. परंतु लोक आपसांत नियम ठरवून अशी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींच्या दाखल्यांनिशी सिद्ध केले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

पुढे विहिरींवर पंप बसले, रहाट थांबले, आणि ज्याला त्याला आपापले पाणी मिळू लागताच शेजाऱ्याची गरज सरली. गाळ साचत गेला. बागायती मोडून इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा कित्येक बावखले भरावाखाली गेली. टँकरने होणारा पाण्याचा बेसुमार उपसा आणि लादलेले नागरीकरण यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने उभारलेला लढा वसईकरांच्या स्मरणात आहेच.

अलीकडे काही तरुण कार्यकर्ते बुजत चाललेल्या बावखलांतील गाळ काढीत आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तथापि केवळ यंत्र लावून केलेली उपसणी काही पावसाळ्यांपुरतीच पुरेल. जमिनींचे वारस पांगले आहेत, काहींनी जमिनी विकल्या आहेत, म्हणून आता हिस्सेदार कोणाला म्हणावे, हे गावाला नव्याने ठरवावे लागेल. आणि बावखलामुळे ज्याच्या विहिरीला गोडे पाणी लाभते, त्या प्रत्येकाचे नाव, मग तो बागायतदार असो वा नवा रहिवासी, त्या यादीत असले पाहिजे.