जलतरण तलावाची दुरुस्ती : घरचा गवंडी की जाणकार कंत्राटदार?

अलिबाग, मुरूड, कर्जत, लोणावळा या भागांत लहान रिसॉर्ट किंवा शेतघर चालविणाऱ्यांपुढे काही वर्षांनी एक प्रश्न हटकून उभा राहतो. जलतरण तलावाचा गिलावा खरखरीत होतो, लाद्या सुटतात, दरजा उघड्या पडतात. अशा वेळी ओळखीच्या गवंड्याकडून काम करून घ्यावे, की या कामातला कंत्राटदार बोलवावा? मजुरीतला फरक पाहून अनेकजण पहिला मार्ग धरतात. तो नेहमीच चुकीचा नसतो; मात्र आधी पुरा हिशेब मांडावा.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल तलाव घ्या. त्यात ७० हजार लिटर पाणी मावते, म्हणजे १० हजार लिटरचे सात टँकर. तळ आणि भिंती मिळून सुमारे ९९० चौरस फूट काम होते. ते फसले तर तोडकाम, नवा माल, पुन्हा सात टँकर आणि ऐन सुट्टीच्या दिवसांत बंद पडलेला धंदा! मजुरीत वाचलेला पैसा त्यात कोठच्या कोठे जातो.

आधी तपासणी

तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतले व तलावातले पाणी एका पातळीत असावे. २४ तासांनी तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर गळती आहे. नंतर सुटलेल्या लाद्यांच्या आसपास हातोडीने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर पकड सुटली आहे असे समजावे.

चार-दोन लाद्या बसविणे किंवा दरजा भरणे हे काम चांगला गवंडी करू शकतो. परंतु गळती असेल, भेग वाढत असेल किंवा निम्मा गिलावा पोकळ वाजत असेल, तर जाणकारच हवा.

दोन धोके

पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करू नये. जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून येतो आणि रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जाऊन फुटू शकतो. दुसरा धोका ॲसिडचा. सफाई करताना ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि खोल तळाशी साचून राहतो. तेथे काम करणाऱ्या मजुराच्या जिवाची जबाबदारी मालकावर असते, हे विसरू नये.

करार लेखी करा

तोडकाम, भेगा भरणे, वॉटरप्रूफिंग, लाद्या आणि दरजा यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. मालाचे नाव लिहा. लाद्या बसविण्यापूर्वी तलाव भरून गळतीची चाचणी घेण्याची अट घाला. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि अखेरची रक्कम चाचणीनंतरच द्या. हमी तोंडी नको.

कारागीर बंधूंनीही याकडे धंद्याच्या नजरेने पाहावे. आखाती देशांत लादीकाम करून आलेले कितीतरी हात कोकणात आहेत. वॉटरप्रूफिंगचे काम नीट शिकून, चाचणी आणि लेखी हमी देण्याची तयारी ठेवली, तर आज ‘घरचा गवंडी’ म्हणविणारा माणूस उद्या जाणकार कंत्राटदार होऊ शकतो.