जागा सोडणारी पेशी

नांदगाव तालुक्यात कांद्याला तोटा नाही. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पहिल्यांदा दिसतात त्याही कांद्याच्या पापुद्र्यात, विटा रचाव्यात तशा एकमेकींना चिकटलेल्या. वनस्पतीच्या पेशीभोवती कडक भित्तिका असते. अशी पेशी जन्मते तिथेच राहते. म्हणून झाडाला गाठ आली तरी त्या गाठीतल्या पेशी सुटून दुसरीकडे जाऊन रुजत नाहीत.

माणसाच्या पेशीला भित्तिका नाही. आपल्या अन्ननलिकेचेच पाहा. तिची लांबी सुमारे 25 सेंमी. तिच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना शेजारणींशी बांधून ठेवते ते ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन. कर्करोग पसरू लागतो तेव्हा बऱ्याचदा या प्रथिनाचे जनुक शाबूत असते, पण गप्प केलेले असते. स्नेल नावाचे दुसरे प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसून त्याचे काम थांबवते. स्पेनमधल्या दोन संशोधक गटांनी 2000 मध्ये हे दाखवून दिले. बांधणी सैल होते, त्याच सुमारास पेशींभोवतीचे कोलॅजन कापणाऱ्या विकरांची जनुके जोरात चालू होतात आणि पेशीला वाट मिळते. अन्ननलिकेत लसीकावाहिन्यांचे जाळे अस्तराला अगदी लागून, उभे पसरलेले असते. जठराला असते तसे बाहेरचे आवरणही तिला बहुतांशी नसते. त्यामुळे हा रोग मानेतल्या किंवा पोटातल्या लसीकाग्रंथींपर्यंत लवकर पोचतो.

थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. स्नेल हा कर्करोगाचा शोध नव्हे. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पेशींना जागा सोडून शरीराचे नवे थर रचायचे असतात, तेव्हा हीच यंत्रणा कामाला येते. ज्या जनुकांनी आपल्याला घडवले, तीच अवेळी जागी होतात.

2017 मध्ये अन्ननलिकेच्या 164 गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात अधिक आढळणारा, चपट्या पेशींचा प्रकार हा अन्ननलिकेतल्याच ग्रंथिपेशींच्या कर्करोगापेक्षा तोंड-घशाच्या कर्करोगाला जवळचा निघाला. तंबाखू आणि दारू ही दोन्हीकडची मोठी कारणे.

या ज्ञानात महाराष्ट्राचा वाटा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथली प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याची प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत घडवली. 1987 पासून बार्शीच्या कर्करोग नोंदणीने खेड्यांतल्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली.

अन्ननलिकेचा कर्करोग आधी भाकरीच्या घासाला अडवतो, मग भाताला, शेवटी पाण्यालाही. पाणी अडेपर्यंत पेशींनी बहुधा जागा सोडलेली असते. म्हणून मिश्री, गुटखा, विडी आणि दारू सोडा. आणि भाकरीचा घास पुन्हा पुन्हा अडकू लागला, तर घोटभर पाण्याने तो ढकलत बसू नका. डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने तपासणी करून घ्या.