आपला सुगंध आपणच निवडायचा : बाटलीवरून नव्हे, मनगटावरून



जांब समर्थच्या या मंडपात शिरताना दारातल्या मुलीने तुमच्या हातावर अत्तराचं बोट लावलं असेल. ते पुसू नका आणि धुऊही नका. आजचं व्याख्यान त्या बोटावरच आहे. आत्ता एकदा हात नाकाशी नेऊन वास घ्या आणि लक्षात ठेवा. मध्ये एकदा परत घ्यायला सांगू, आणि शेवटी एकदा.

दारात आज दोन गोष्टी घडल्या, त्या आधी सांगतो. आम्ही मागेच उभे होतो. कॉलेजात जाणारा एक मुलगा अत्तर लावून घेताना म्हणाला, "सर, हे ठीक आहे, पण मला पुण्याला मुलाखतीला जायचंय. मला कुठला सेंट सूट होईल?" त्याच्या पाठोपाठ एक आजी आल्या. मुलीने बाटली पुढे केली तसा त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, "मला कशाला गं आता." आणि आत येऊन बसल्या.

मुलाचा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर सावकाश द्यावं लागतं. आजींचा प्रश्न खरं म्हणजे प्रश्नच नव्हता, आणि तोच जास्त अवघड आहे. आधी मुलाकडे वळू.

मोसंबीचं एक झाड

सुगंध कसा चालतो हे कळण्यासाठी कुठल्या मॉलमध्ये जायला नको. आपला जालना जिल्हा मोसंबीचा, आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. बागेत जाऊन तीन गोष्टी करून बघा. मोसंबीची साल नखाने दाबा. एक बारीक फवारा उडतो, टवटवीत वास येतो आणि थोड्याच वेळात विरतो. मग पान चुरगळा. वास हिरवा, जरा कडवट, थोडा जास्त टिकणारा. आणि आंबे बहराच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळी बागेत उभे राहा. फुलांचा तो गोड, दाट वास पार बांधापर्यंत येतो.

झाड एकच, वास तीन. परफ्यूमवाले नेमकं हेच वापरतात. लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीतून तेल काढतात. कडू संत्र्याच्या पानाफांद्यांपासून निघणाऱ्या तेलाला पेटिग्रेन म्हणतात, आणि त्याच झाडाच्या फुलांपासून निघणाऱ्या तेलाला नेरोली.

आता मुख्य मुद्दा. सुगंधी द्रव्यं सारखी उडत नाहीत. हलकी असतात ती आधी उडतात, जड असतात ती मागे राहतात. म्हणून कुठलंही अत्तर किंवा परफ्यूम अंगावर तीनदा बदलतं. पहिला वास साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास, त्यात सालीसारखी हलकी द्रव्यं असतात. मग मधला वास, बहुधा फुलांचा आणि मसाल्यांचा, दोन-चार तास. आणि शेवटी मागे उरणारा वास : चंदन, ऊद, कस्तुरीसारखी द्रव्यं. कंपन्या यांना टॉप नोट, हार्ट नोट आणि बेस नोट म्हणतात.

दुकानात आपण काय करतो? फवारा मारतो, दोन सेकंद हुंगतो आणि पैसे देतो. म्हणजे अर्ध्या तासात उडून जाणाऱ्या वासावर भुलून वर्षभराची बाटली घेतो. स्थळ बघायला जाऊन फक्त दारावरचं तोरण बघून यावं, तसं हे झालं.

बाटलीत असतं काय?

आपल्याकडे दोन प्रकार चालतात. एक अत्तर, दुसरा फवाऱ्याचा परफ्यूम.

पारंपरिक अत्तर उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपका पद्धतीने होतं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली विस्तव. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपका पाण्यात बुडवून गार ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफेतला सुगंध त्या तेलात मुरतो. खाली साचलेलं पाणी काढून टाकतात आणि नवी फुलं घालून हे पुन्हा पुन्हा करतात. भाजलेल्या मातीचंही असंच अत्तर होतं, त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. मृगाच्या पहिल्या सरीचा वास बाटलीत बघायचा असेल तर ते हुंगा. चंदन फार महाग झाल्यामुळे आता बरेच जण पॅराफिनसारखं स्वस्त तेल वापरतात. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "खाली चंदन आहे की दुसरं काही?" खरं कस्तुरीचं अत्तर म्हणून कुणी द्यायला लागला तर घेऊ नका. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बाजारात कस्तुरी म्हणून मिळतो तो वास प्रयोगशाळेत बनवलेला असतो, आणि त्यात वाईट काही नाही.

फवाऱ्याच्या बाटलीत मुख्यतः अल्कोहोल असतं, सुगंधी अर्क त्यात मिसळलेला. तो किती, यावर नाव ठरतं. साधारणपणे ओ द कोलोनमध्ये दोन ते पाच टक्के, ओ द टॉयलेटमध्ये पाच ते पंधरा, ओ द पर्फ्यूममध्ये पंधरा ते वीस, आणि नुसत्या पर्फ्यूममध्ये त्याहून जास्त. अर्क जास्त म्हणजे टिकाऊपणा जास्त, पण तो तुम्हाला शोभेलच असं नाही.

तुमची कातडी, तुमची हवा, तुमचं काम

एकच अत्तर दोन भावांना लावा, दोघांच्या अंगावर वेगळं वाटेल. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो, तेलकट त्वचेवर थांबतो. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी आधी थोडं खोबरेल लावावं, आणि त्यावर अत्तर.

मग हवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात सगळंच वेगाने उडतं. हलका वास घटकाभरात संपतो आणि जड ऊद लावलेला माणूस एसटीत शेजारी बसला तर आपलं डोकं धरतं. म्हणून जुनी रीत बघा : उन्हाळ्यात वाळा, चंदन, मोगरा. पावसाळ्यात केवडा, माती. थंडीत हिना, केशर, ऊद. ही रीत आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात अंगाला लावायची विलेपनं ऋतूप्रमाणे वेगळी सांगितली आहेत.

आणि काम. उसाच्या फडात किंवा कापूस वेचायला जाताना मानेवर सेंट मारू नका. लिंबू आणि बर्गामोटच्या सालीच्या काही तेलांवर ऊन पडलं की त्वचा भाजते, काळे डाग पडतात. दिवसभर उन्हात असाल तर सुगंध रुमालाला लावा.

इथे एक गैरसमज काढू. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरचे जिवाणू घाम फोडतात, तेव्हा वास तयार होतो. घामावर सेंट मारलं की घाम जात नाही, तिसराच वास तयार होतो. म्हणून आधी अंघोळ, धुतलेला सदरा, हवं तर काखेत तुरटी, आणि मग सुगंध. पुण्याला निघालेल्या आमच्या मित्रासाठी हे खास. कष्टाच्या घामाची लाज वाटायचं कारण नाही, पण तो झाकायला अर्धी बाटली रिकामी करायचंही कारण नाही.

आता हात पुन्हा नाकाशी न्या. बदललाय ना?

दुकानात कसं निवडायचं

बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वराहमिहिराने गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्यं घेऊन त्यांतली चार-चार निवडली तर किती मिश्रणं होतील याचा हिशेब आहे. उत्तर येतं १८२०. सोळाच द्रव्यांत ही गत, तर आजच्या दुकानात काय होईल? म्हणून रीत साधी ठेवा.

एका दिवशी तीनपेक्षा जास्त वास बघू नका. आधी कागदाच्या पट्टीवर घ्या. जो आवडेल तो एकच मनगटावर लावा. चोळू नका, चोळलं की ऊब वाढते आणि वरचा वास लवकर उडतो. नाक भांबावलं तर स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगा. आणि मग बाटली न घेता दुकानाबाहेर पडा. चहा घ्या, बाजार करा, गाडीने घरी या. संध्याकाळी मनगट हुंगा. तेव्हाही तो वास आपला वाटला, डोकं दुखलं नाही, त्वचा लाल झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी परत लावा. त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस थांबा. त्यानंतरच पैसे द्या, आणि तेही आधी लहान बाटलीचे.

किती लावायचं? स्वतःचा वास आपल्याला थोड्या वेळाने येईनासा होतो. नाक सतत येणाऱ्या वासाकडे लक्ष देणं सोडून देतं. त्याचा अर्थ तो संपला असा नाही, शेजाऱ्याला तो येतच असतो. म्हणून पुन्हा पुन्हा मारू नका. हाताच्या अंतरावर आलेल्या माणसालाच कळावा, इतकाच ठेवा. वर्गात, दवाखान्यात, दम्याचा माणूस असलेल्या घरात त्याहूनही कमी. मुलाखतीच्या खोलीतही तसंच : लोकांना तुम्ही लक्षात राहायला हवेत, तुमचा सेंट नाही.

मराठीतला गंधवाद

हे सगळं ज्ञान संस्कृतात आणि राजेरजवाड्यांपुरतंच होतं असं नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्यात गंगाधराचा 'गंधसार' होता आणि सोबत 'गंधवाद' नावाचा, कर्ता अज्ञात असलेला ग्रंथ. या गंधवादावर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे छापलं.

विचार करा. समर्थ रामदासांचा जन्म याच गावी १६०८ चा. त्याच्याही आधी कुणाला तरी वाटलं की सुगंध कसा करायचा हे मराठीत समजावून सांगायला हवं. म्हणजे सुगंध ही आपल्या लोकांनीही समजून घ्यायची गोष्ट होती. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

आणि आजींचा हात

पण 'आपल्या लोकांनी' म्हणजे कुणी? इथे आम्ही आजींकडे परत येतो.

आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लागतं, हळदीकुंकवाला बायकांच्या हाताला लागतं, वर गुलाबपाणी शिंपडतात. पण ज्या बाईचा नवरा गेला तिला त्या हळदीकुंकवाला बोलावणंच येत नव्हतं, अनेक घरांत अजूनही येत नाही. कुंकू गेलं, गजरा गेला, त्यांच्याबरोबर अत्तरही गेलं. कुणी हातातून बाटली हिसकावून घेतली नाही. तिनेच हात मागे घ्यायचा, असं तिला शिकवलं गेलं.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसं करण्यासाठी परिपत्रक काढलं. अत्तराचं नाव त्या यादीत नाही. इतक्या लहान गोष्टी ठरावात येत नाहीत, त्या घराच्या उंबऱ्यावरच सोडवाव्या लागतात.

आपण तासभर 'आपल्याला शोभेल तो सुगंध' असं म्हणतो आहोत. 'शोभेल' हा शब्द जपून वापरायला हवा. त्वचेला सोसेल का, हवेला साजेल का, शेजाऱ्याला त्रास होईल का, एवढंच त्यात बघायचं. तुझ्या वयाला शोभतं का, तुझ्या कपाळाला शोभतं का, हे विचारायचा अधिकार दुकानदाराला नाही, शेजाऱ्यालाही नाही. समर्थांनी मनाला चंदनाप्रमाणे झिजायला सांगितलं. झिजण्याचं काम बायकांनी पिढ्यानपिढ्या केलंच आहे, निदान चंदनाचा वास तरी त्यांच्या वाट्याला येऊ द्या.

आता शेवटचा, हात नाकाशी न्या. जो वास राहिलाय तो मागे उरणारा वास. आवडला तर तुमचा, नाही आवडला तर तोही तुमचा निर्णय. दोन्हींत काही चूक नाही.

व्याख्यान संपल्यावर ती मुलगी बाटली घेऊन दारात उभी असेल. तिला आम्ही सांगून ठेवलंय की कुणाच्या हातावर न विचारता बोट लावू नकोस, आणि कुणाला न विचारता पुढेही जाऊ देऊ नकोस. आजी, तुम्हालाही ती विचारेल. नको वाटलं तर खुशाल नको म्हणा. पण "मला कशाला" म्हणू नका.