परदेशातली नोकरी, घरभत्ता आणि प्राप्तिकर

मुलाला किंवा मुलीला हाँगकाँगहून नेमणूकपत्र येते, तेव्हा घरातली सगळी मंडळी आधी पगाराचा आकडा पाहतात. त्याचे रुपये किती झाले, याचा हिशेब लगेच होतो आणि पेढेही आणले जातात. त्याच पत्रात थोडे खाली राहण्याच्या सोयीविषयी एक-दोन ओळी असतात. कुणाच्या पत्रात ‘दरमहा घरभत्ता मिळेल’ असे लिहिलेले असते, तर कुणाच्या पत्रात ‘घरभाड्याची परतफेड केली जाईल’ असे. वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. हाँगकाँगच्या कर खात्याला मात्र तो एक वाटत नाही.

तिथला नियम असा आहे की, घरभत्ता रोख हातात आला आणि तो कसा खर्च केला याच्याशी कंपनीचा काही संबंध नसला, तर तो सरळसरळ पगारच समजला जातो. त्यावर पूर्ण कर बसतो. पण कंपनीने स्वतः घर घेऊन दिले, किंवा नोकरदाराने भरलेले भाडे पावत्या पाहून परत केले, तर ती भाड्याची रक्कम उत्पन्नात धरतच नाहीत. तिच्याऐवजी पगाराच्या फक्त १० टक्के एवढी रक्कम ‘घराचे मूल्य’ म्हणून उत्पन्नात मिळवली जाते. हॉटेलातली एकच खोली दिली असेल तर हे प्रमाण ४ टक्के आणि दोन खोल्या असतील तर ८ टक्के. म्हणजे नव्याने गेलेल्या माणसाला पहिला महिना कंपनीने हॉटेलात ठेवले, तरी त्याचाही हिशेब होतोच.

हाँगकाँगमध्ये घरे लहान आणि भाडी अवाच्या सवा. त्यामुळे हा फरक किरकोळ राहत नाही. समजा, पगार महिना ४० हजार हाँगकाँग डॉलर आहे आणि घराचे भाडे २० हजार. भाडे रोख भत्ता म्हणून मिळाले, तर वर्षाचे उत्पन्न ७ लाख २० हजार डॉलर धरले जाईल. तेच पैसे भाड्याची परतफेड म्हणून मिळाले, तर पगाराचे ४ लाख ८० हजार आणि त्याचे १० टक्के, म्हणजे ४८ हजार, मिळून ५ लाख २८ हजार होतील. फरक १ लाख ९२ हजारांचा. या पगाराच्या माणसाला वरच्या टप्प्याचा १७ टक्के दर लागतो. म्हणजे वर्षाला ३२ हजार ६४० डॉलर कर जास्त, आपल्याकडचे साडेतीन लाख रुपयांहून अधिक! घर तेच, भाडे तेच, कंपनीचा खर्चही तोच.

मग सगळ्याच कंपन्या परतफेडीची पद्धत का ठेवत नाहीत? कारण त्यात कागदपत्रांची कटकट आहे. परतफेड किती मिळेल हे नेमणूकपत्रात स्पष्ट लिहावे लागते. कंपनीने भाडेकरार तपासायचा, भाड्याच्या पावत्या वेळोवेळी घ्यायच्या आणि सांभाळून ठेवायच्या. नुसते ‘परतफेड’ असे नाव देऊन दरमहा ठरावीक रक्कम खात्यात टाकली, तर कर खाते ती मान्य करीत नाही. छोट्या कंपन्यांना हे नको असते. पण सही करण्यापूर्वी नम्रपणे विचारले, तर ऐकणाऱ्या कंपन्याही असतात. आमच्या मते, पगारात थोडी वाढ मागण्यापेक्षा ही मागणी मान्य होणे सोपे, कारण यात कंपनीच्या खिशातून जादा काही जात नाही.

आणखी एक. परतफेडीची मर्यादा २० हजार आणि प्रत्यक्ष भाडे १६ हजार असेल, तर वरचे ४ हजार करपात्र ठरतात. स्वस्तातले घर घेऊन पैसे वाचवू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या बिलाचा धक्का

आपल्याकडे दर महिन्याला पगारातूनच कर कापला जातो, त्यामुळे सवय तशी झालेली असते. हाँगकाँगमध्ये तसे नाही. पगार पूर्ण हातात येतो आणि कराचे बिल नंतर येते. पहिल्या बिलात गेलेल्या वर्षाचा कर तर असतोच, शिवाय चालू वर्षाचा आगाऊ करही जोडलेला असतो. सगळा पगार घरी पाठवून मोकळे झालेल्या तरुणांची तेव्हा तारांबळ उडते. सुरुवातीपासूनच दरमहा काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकणे बरे.

नोकरी सोडून हाँगकाँगहून निघतानाही असेच होते. कंपनीला महिनाभर आधी कर खात्याला कळवावे लागते आणि एक महिना किंवा कर खात्याचे मोकळीकपत्र मिळेपर्यंत, यात जे आधी होईल तोवर, नोकरदाराचे देणे रोखून धरावे लागते. त्यामुळे शेवटच्या पगाराच्या भरवशावर विमानाची तिकिटे काढू नयेत.

जपानमध्येही तत्त्व असेच आहे, मात्र तिथे भाडेकरार कोणाच्या नावावर आहे हे पाहतात. करार कंपनीच्या नावाने असेल आणि घराच्या सरकारी मूल्यावरून काढलेल्या भाड्याचा निदान निम्मा भाग नोकरदार स्वतः भरीत असेल, तर उरलेल्या सवलतीवर कर नाही. हे सरकारी भाडे बाजारभावापेक्षा सहसा बरेच कमी निघते. रोख घरभत्ता मात्र तिथेही पगारच. टोकियोच्या एदोगावा भागात आपली बरीच मंडळी राहतात. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आले होते. तिकडे जाणाऱ्याने घरमालकाशी स्वतः करार करण्यापूर्वी कंपनीशी बोलून घ्यावे.

अमेरिकेचे गणित उलटे आहे. तिथला नागरिक जगात कुठेही काम करो, त्याला अमेरिकेत विवरणपत्र भरावेच लागते. म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मुलगा पुण्यात नोकरीला आला, तर कंपनीने दिलेले घर तिथल्या हिशेबातही येते. २०२५ साली परदेशातल्या कमाईपैकी १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत सूट होती. घराच्या खर्चाची सवलत वेगळी. पण त्या वर्षी पहिले २० हजार ८०० डॉलर सोडून त्यावरचाच खर्च धरला जात होता आणि एकूण मर्यादा साधारणपणे ३९ हजार डॉलर होती. महागड्या शहरांसाठी ती जास्त असते.

जाण्याची तारीख

परदेशी कराच्या नादात आपल्या देशाचा नियम विसरला जातो. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिला असेल, तर त्या वर्षापुरता तो इथलाच रहिवासी ठरतो. मग तिकडचा पगार आणि घरभत्ता दोन्ही इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागतात. २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी निघालेला माणूस यातून सुटतो. पण तोच दिवाळीला आठ-दहा दिवस घरी आला, तर तेही दिवस मोजले जातात आणि १८२ चा आकडा ओलांडला जाऊ शकतो. अशा वेळी भारत आणि हाँगकाँग यांच्यातला २०१८ चा करार उपयोगी पडतो. त्यानुसार तिकडे भरलेल्या कराची वजावट इथे मिळते. त्यासाठी तिकडचे बिल आणि कर भरल्याची पावती मात्र जपून ठेवलेली हवी.