थ्री नॉट थ्री कुणाची?

नागापूरच्या एमआयडीसीत तोफेचा आवाज ऐकून कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही. खारे कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात, एवढंच. अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या तोंडचं नगर, हे रणगाड्यांचं शहर. आर्मर्ड कोरचं केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे, आणि सहलीच्या पोरांना दाखवायला रणगाडा संग्रहालय आहेच. अशा गावात पायदळातल्या साध्या रायफलीला कोण विचारतो! पण दोन्ही महायुद्धांत भारतीय शिपायाच्या खांद्यावर जी रायफल होती, तिच्या जन्मकथेतली काही माणसं एकेकाळी याच नगरला कैदेत होती.

ती माणसं म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी. 1899 ते 1902 या काळात त्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं. त्यांच्याकडे जर्मन माउझर होती. पाच गोळ्यांची क्लिप वरून दाबली की रायफल भरली. इंग्रजांच्या लांब ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत, पण भरायच्या एकेक करून, हाताने. शिवाय बऱ्याच रायफलींची माशीच तिरकी बसवलेली निघाली, त्यामुळे नेम उजवीकडे जायचा. जन्मभर शिकारीवर नेमबाजी केलेल्या माणसांपुढे हे कसं टिकणार? पकडलेले बोअर कैदी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवले गेले. हिंदुस्थानातल्या छावण्यांपैकी एक नगरची. साम्राज्याला नेमबाजी शिकवणारे गुरुजी असे आपल्या गावी बंदिस्त होऊन बसले होते.

इंग्रजांनी त्यांचा धडा मात्र गिरवला. क्लिपने भरता येणारी, पायदळ आणि घोडदळ दोघांनाही चालेल अशी आखूड ली-एनफिल्ड त्यांनी काढली. 1907 मध्ये तिचा मार्क थ्री आला. नळीचा व्यास .303 इंच, वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. आपल्याकडे पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीवाले जिला थ्री नॉट थ्री म्हणतात ती हीच. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती घडू लागली, आणि आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिच्या गोळ्या. अशा काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं ठोकलेली दिसतात. (बुलेट मोटरसायकलच्या नावातलं एनफिल्डही या रायफलीच्याच नावातलं. त्या कंपनीची आधीची मंडळी एनफिल्डच्या सरकारी कारखान्याला बंदुकीचे सुटे भाग पुरवत, म्हणून तिच्या जुन्या बोधचिन्हात तोफ आहे.)

शिपायाला रायफल का आवडते, हे समजायचं तर ती भरताना बघावी. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेपुढे यायला हवी. एक जरी मागे राहिली तर बोल्ट पुढे सरकवताना दोन्ही कडा अडकतात आणि ऐन वेळी रायफल गप्प. म्हणून रंगरूटाच्या बोटांना आधी हे वळण लावायचं. पण एकदा नीट भरली की बोल्ट फार थोडा फिरवावा लागतो, आणि रायफल खांद्यावरून न काढता पुढची गोळी आत जाते. 1914 च्या इंग्रज पायदळात तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडणं ही नेहमीची परीक्षा होती. मॉन्सच्या लढाईत जर्मनांना ही रायफलींची फैर मशीनगनची वाटली, असं इंग्रजी पुस्तकं मोठ्या हौसेने सांगतात. जर्मनांच्या बाजूने त्याला फारसा दुजोरा मिळत नाही. जिंकणाऱ्याच्या रायफलीबद्दलच्या कथा निम्म्याने घ्याव्यात, हे बरं.

दुसरी गोष्ट सफाईची. रायफलच्या दस्त्यात पितळी पट्टीचं एक छोटं दार असतं. त्यात तेलाची पितळी कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. वजन नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चार इंच बाय दोन इंचाची चिंदी अडकवायची आणि एका दमात ओढून काढायची. मग नळी उजेडाकडे धरून उस्ताद आत बघणार, आणि आत धुळीचा एक कण जरी दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या काळच्या गोळीच्या टोपीतले क्षार नळीला गंज चढवत, म्हणून गोळीबारानंतर उकळतं पाणी नळीतून ओतायचं. रायफल कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून घ्यायची, मोजून परत करायची. वायव्य सरहद्दीवर तर पठाण रात्रीतून रायफली लांबवत, म्हणून शिपाई रायफल साखळीने अंगाला बांधून झोपत. बायकोपेक्षा जास्त जपावी लागणारी वस्तू, हा विनोद लष्करात जुना आहे आणि तो निव्वळ विनोद नाही.

शिपायाचं मत किती ठाम असतं, ते कॅनडाच्या रॉस रायफलने दाखवलं. नेमबाजीच्या मैदानावर रॉस अव्वल. तिथला संरक्षणमंत्री सॅम ह्यूज तिच्या प्रेमात. 1915 च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या लढाईत चिखल आणि भराभर गोळीबार यांनी तिचा बोल्ट जाम होऊ लागला. शिपाई बुटाच्या टाचेने तो उघडत होते. लढाई संपल्यावर मोजदाद झाली तेव्हा जवळपास दीड हजार कॅनेडियन शिपायांनी आपली रॉस फेकून मेलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड उचलल्याचं दिसलं. मंत्र्यांचं मत बदलायला आणखी बराच काळ गेला.

आपल्या शिपायाला मात्र फेकून दुसरी उचलण्याची चैन क्वचितच मिळाली. 1857 नंतर इंग्रजांनी एक गंमत केली. गंमत म्हणायचं, पण ती कडू आहे. देशी पलटणींना दिलेल्या बंदुका दिसायला एनफिल्डसारख्याच होत्या. फक्त नळीच्या आतले पेच घासून काढलेले. म्हणजे पल्ला आणि नेम दोन्ही कमी. पुढे गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायांकडे स्नायडर, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा देशी शिपायांच्या हाती मार्टिनी. रायफल एक पिढी मागे ठेवायची, हा हिशेब होता. 1914 मध्ये लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेलला उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या हातात दिल्या गेल्या. समोर जर्मन होते, तिथे हा हिशेब परवडणारा नव्हता.

महाराष्ट्रात तर प्रश्न आणखी एक पायरी खालचा होता: रायफल मिळणार की नाही? कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली गेली, त्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केला. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार होते. लष्कराने त्या घराला शिक्षण आणि प्रतिष्ठा कशी दिली, हे आपण जाणतोच. 1917 मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा 111 महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. या अर्जांमध्ये रायफलच्या पल्ल्याची चर्चा नाही. ती हातात असणं म्हणजे माणूस म्हणून मोजलं जाणं, एवढाच मुद्दा आहे.

बाकीच्या हिंदुस्थानचीही गत फार वेगळी नव्हती. 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने, म्हणजे गांधीजींनी, 1918 मध्ये भरतीचा प्रचार करताना हा कायदा इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला. त्याच सुमारास टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला: हिंदी माणसाला अधिकारीपद देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम जप्त करा. गांधीजींनी चेक परत केला. टिळकांना शिपाईगिरीत रस नव्हता. रायफलबरोबर हुकूम देण्याचा अधिकार हवा होता.

आता लेखकांकडे वळू. जॉर्ज ऑर्वेल स्पेनच्या यादवीत लढायला गेला तेव्हा त्याच्या हातात 1896 सालची गंजलेली जर्मन माउझर आली. तिच्याबद्दल त्याने जे लिहिलं त्यात हसावं की रडावं ते कळत नाही. पण याच ऑर्वेलने 1941 मध्ये, होमगार्डबद्दल लिहिताना, इंग्रज मजुराच्या घरातल्या भिंतीवर टांगलेली रायफल हे लोकशाहीचं चिन्ह असल्याचं म्हटलं. मला हे वाक्य नेहमी अडखळवतं, कारण हाच गृहस्थ त्याआधी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता आणि तिथल्या मजुराच्या भिंतीवर रायफल दिसली असती तर त्याने त्याला बेड्या घातल्या असत्या.

हेन्री रीडची 1942 ची ‘नेमिंग ऑफ पार्ट्स’ ही कविता एनसीसीत गेलेल्या कुणालाही लगेच कळेल. उस्ताद रायफलचे हिस्सेपुर्जे सांगतोय आणि रंगरूटाचं लक्ष शेजारच्या बागेतल्या फुलांकडे. त्यातही गंमत अशी की उस्ताद सांगतो तो एक पुर्जा पोरांच्या रायफलींवर नाहीच. रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मधले जुनेजाणते शिपाई तर संगिनीपेक्षा धार लावलेल्या फावड्यावर जास्त विश्वास ठेवतात. मुल्कराज आनंदांची ‘अ‍ॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ फ्रान्समधल्या शिपायाची कादंबरी आहे. पण आपल्या शिपायांनी स्वतः लिहिलेलं वाचायचं तर सेन्सॉरच्या फायलीत राहिलेल्या पत्रांकडे जावं लागतं. ती बहुतेक पंजाबी, पठाण, राजपूत, गढवाली पोरांची. मराठे मुख्यतः मेसोपोटेमियात होते. त्या पत्रांत तोफगोळ्यांचा पाऊस आहे, गावची पिकं आहेत, आणि सेन्सॉरला चकवायला काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरे अशी भाषा आहे. रायफलचं कौतुक त्यात फारसं सापडत नाही. शेतकरी नांगराबद्दल तरी कुठे पत्र लिहितो?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रायफलचं राज्य ओसरत आलं होतं. अमेरिकन सेनापती पॅटनने आपल्या अर्धस्वयंचलित गॅरंडला युद्धातल्या सर्वोत्तम साधनाचा मान दिला, पण आपल्या पायदळाच्या सेक्शनमध्ये ब्रेनगन ही हलकी मशीनगनच कर्ती होती आणि थ्री नॉट थ्रीवाले शिपाई तिची मॅगझिन वाहत. मराठा लाइट इन्फन्ट्रीला इटलीत मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. 10 जुलै 1944 रोजी नाईक यशवंत घाडगे टॉमीगन घेऊन एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन रिकामी झाली आणि बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदूक नळीने धरून तिच्या दस्त्याने शेवटचे दोघे लोळवले. पाठोपाठ शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे, दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे घेऊन आले. मग टॉमीगन घेऊन मशीनगनच्या मोर्चावर गेले. हाताला गोळी लागून चाप ओढता येईना, तेव्हा टॉमीगन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. तीन मोर्चे गप्प करून बांधावर उभं राहून त्यांनी पलटणीची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्यांना पलीकडे बोलावलं. दोघांच्याही सन्मानपत्रात रायफल नाही.

तरी थ्री नॉट थ्री गेली नाही. 1962 मध्ये चीनच्या स्वयंचलित बंदुकांसमोर आपले जवान तीच घेऊन हिमालयात उभे होते. त्यानंतर लष्करात सेल्फ-लोडिंग रायफल आली आणि जुनी पोलिसांकडे उतरली. 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हाती तीच होती, आणि दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांनी सगळा दोष तिच्या वयावर टाकला. वय झालेलं होतं, खरंच आहे. पण हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने गोळ्यांचा तुटवडा आणि न झालेला सराव यांवरही बोट ठेवलं होतं. नवी शस्त्रं आली की त्यांची छायाचित्रं पेपरात येतात. हवालदाराला वर्षातून सरावासाठी किती गोळ्या मिळाल्या, हा आकडा विचारायला मात्र कुणी जात नाही, आणि निवडणुकीच्या बंदोबस्ताला निघालेला होमगार्ड आजही खांद्यावरची रायफल शेवटची कधी चालवली हे हसून टाळतो.