पाकिटातले पंख

टपालाने काय काय येते, हे तुम्हांला माहीत आहे. पत्रे येतात, मासिके येतात, ईदची भेटकार्डे येतात. पण टपालाने बदकाचा पंख आलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? अमेरिकेत दरवर्षी असे हजारो पंख टपालाने येतात. शिकारी ते पाठवतात आणि सरकारच ते मागवून घेते!

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदकांची शिकार करता येत नाही. अमेरिकेत तशी बंदी नाही. तेथे ठरावीक हंगामात, परवाना घेऊन बदके मारता येतात. मात्र एका माणसाने एका दिवसात किती बदके मारावीत, याची मर्यादा सरकार ठरवते.

एके काळी तेथे अशी मर्यादा नव्हती. त्या काळी पॅसेंजर पिजन नावाची रानकबुतरे अब्जावधींच्या संख्येने होती. त्यांचा थवा उडाला की सूर्य झाकला जाई. लोकांनी ती बंदुकीने मारली, जाळ्यांत पकडली आणि रेल्वेने शहरांत नेऊन विकली. त्यांची जंगलेही तोडली. किती मारली आणि किती उरली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. या जातीची शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९१८ साली, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेत कायदा झाला.

कायदा झाला, पण मर्यादा ठरवायची कशी? त्यासाठी जिवंत पक्षी किती आहेत, हे कळले पाहिजे. १९५५ पासून वैमानिक आणि तज्ज्ञ वसंत ऋतूत विमानातून पाणथळ जागांवर खालून उडत बदके मोजतात. तसेच मारलेले पक्षी किती आणि कोणते, हेही कळले पाहिजे. येथेच टपालाचे पाकीट कामाला येते.

सरकार काही निवडक शिकाऱ्यांना पाकिटे पाठवते. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख पाकिटात घालायचा, वर तारीख व ठिकाण लिहायचे आणि पाकीट टपालात टाकायचे. तिकिटाचा खर्च सरकारचा. हंगाम संपला की तज्ज्ञ एकत्र जमतात आणि पंख ओळखतात. पक्ष्यांच्या स्थलांतराचे चार मोठे मार्ग आहेत, म्हणून असे चार मेळावे भरतात. वन्यजीवशास्त्र शिकणारे विद्यार्थीही तेथे उमेदवारी करायला येतात.

हे काम फार सुबक असते, असे समजू नका. पंख रक्ताळलेले, चुरगळलेले असतात. त्यांना वासही येतो. विद्यार्थी पाकीट उघडतो, पंख पसरतो आणि निरखून पाहतो. पंखावर चमकदार निळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा असतील, तर ते मॅलार्ड बदक. पण सर्वच पंख इतके सोपे नसतात. अनेक जातींच्या माद्या मातकट रंगाच्या असतात. तेव्हा पिसामागून पीस तपासावे लागते. शंका आली, तर विद्यार्थी शेजारच्या तज्ज्ञाला विचारतो.

मग वय पाहायचे. मोठ्या बदकाची काही पिसे रुंद आणि गोल टोकाची असतात. त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लाची तीच पिसे अरुंद व झिजलेली असतात. हंसांच्या बाबतीत शेपटीची पिसे मागवतात. पिल्लाच्या शेपटीतील पिसाच्या टोकाला छोटी खाच असते. लहानपणीची मऊ लव तेथे चिकटलेली असते. ती तुटून पडली की खाच उरते.

वय कशाला हवे? पिल्लांचे पंख पुष्कळ आले, तर त्या वर्षी वीण चांगली झाली असावी. पण येथे एक गंमत आहे. पिल्ले भोळी असतात, ती लवकर मारली जातात. म्हणून आधीच काही पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडलेले असते. समजा, कडी घातलेल्या शंभर पिल्लांपैकी दहा मारली गेली आणि शंभर मोठ्या पक्ष्यांपैकी पाच. म्हणजे पिल्ले दुप्पट मारली जातात. मग पाकिटांत पिल्लांचे दोनशे आणि मोठ्यांचे शंभर पंख आले, तरी तळ्यावर दोघांची संख्या सारखीच होती, हे तुम्ही पाटीवरही मांडून पाहू शकता.

पाकिटे निवडक शिकाऱ्यांनाच जातात. म्हणून एक पंख अनेक पक्ष्यांच्या वतीने बोलतो. एखादी चूक खपून जाते; पण कंटाळून मनाने लिहिलेल्या शंभर नोंदी हिशेब बिघडवतात. हिशेबात एखादी जात कमी झालेली दिसली, की तिच्या शिकारीवर बंधन येते. २००२ च्या हंगामात कॅनव्हासबॅक या बदकाची शिकार अमेरिकेत बंद ठेवली होती.

शिकारीचे आकडे आपल्याकडेही लिहिले गेले आहेत. राजस्थानात भरतपूर येथे ते दगडावर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले! तो आकडा बढाईसाठी होता. त्यावरून मेलेल्यांत पिल्ले किती होती, हे कळत नाही.

आता भरतपूरला राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या जायकवाडीला आणि नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात तलवार बदक आणि थापट्या येतात. या जाती अमेरिकेतही आहेत. आपण मात्र जिवंत पक्षीच मोजतो. १९८७ पासून जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. दुर्बीण आणि वही घेऊन विद्यार्थीही तिच्यात भाग घेतात.

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायांत कडी घालते. तुम्हांला असा पक्षी सापडला, तर कड्यावरचा क्रमांक, तारीख, गावाचे नाव आणि पक्षी जिवंत होता की मेलेला, हे लगेच लिहून ठेवा व सोसायटीला कळवा. पक्षी जिवंत असेल, तर कडे काढू नका. त्याला तसाच सोडून द्या.